पाण्याची पहार

१

टाळ्या वाजत होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी जे. पी. नगरच्या त्या गल्लीतले फोन एकामागून एक मान टाकत होते.

विलास सातपुतेला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तो खड्ड्याच्या काठाशी उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत तांबड्या चिखलानं माखलेली, आणि चेहऱ्यावर पोरीचं लग्न सुखरूप पार पडलेल्या बापाचा आनंद. खड्डा होताच तसा देखणा. भिंती सुरीनं कापल्यासारख्या सरळ, भिंतीतले खडे जागच्या जागी, शिरीषाच्या झाडाची मुळं धुऊन स्वच्छ झालेली पण एकही न तुटलेली. तळाशी विजेची केबल, शेजारी पाण्याचा नळ, आणि या दोघांच्या वर मनगटाएवढी जाड, डांबरात भिजवलेल्या तागाचं वेष्टण असलेली जुनी टेलिफोनची केबल. कुदळ नाही, फावडं नाही. नुसत्या पाण्यानं खणलेला खड्डा.

इचलकरंजीच्या या पोरानं बेंगळुरातल्या पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत, आपल्या शेडमध्ये तीन वर्षं खपून ते यंत्र उभं केलं होतं. जुन्या ट्रकवर एक पाण्याची टाकी आणि एक दाबाचा पंप. पंपातून निघालेली पाण्याची धार लांब नळीतून जमिनीवर सोडली की माती विरघळायची. शेजारून हत्तीच्या सोंडेसारखा जाड पाइप तो चिखल ओढून मागच्या बंद टाकीत टाकायचा. माती निघून जायची आणि जमिनीत पुरलेलं जे काही असेल ते जसंच्या तसं उघडं पडायचं. कारागिरांनी यंत्राचं नाव ऐरावत ठेवलं होतं.

नव्या केबली टाकणाऱ्या कंपनीचे मोठे साहेब, मुंबईचे विश्वासराव, विलासचा हात हातात घेऊन म्हणाले, "सातपुते, ब्युटिफुल! बेंगळुरात रोज कुणीतरी कुदळीनं कुणाची तरी केबल तोडतो. हे मशीन आलं की—"

वाक्य पुरं झालं नाही. समोरच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावरून एक तरुण उघड्या पायांनी धावत आला. हा सुशांत, पुण्याहून वर्षापूर्वी आलेला सॉफ्टवेअरवाला.

"एक्सक्यूज मी, तुम्ही काही तोडलंय का? माझा फोन डेड आहे!"

पाठोपाठ शेजारच्या बाई आल्या. मग कोपऱ्यावरचा औषधवाला. मग आख्खी गल्लीच आली.

विश्वासरावांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. त्यांच्या पाठोपाठ विलासही वाकला. केबलीच्या वरच्या अंगाला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं.

"हे काय आहे?" विश्वासरावांचा आवाज आता थंड होता. "शनिवारी मुंबईला माझी मीटिंग आहे. तोवर हे कसं झालं ते मला पटवून द्या. नाहीतर तुमचा ऐरावत पीण्यातच बांधून ठेवा, पुढच्या वर्षी गणपतीच्या देखाव्याला कामी येईल."

२

यंत्राचा विमा होता, म्हणून विमा कंपनीनं त्याच दुपारी नुकसान तपासणाऱ्या आपल्या सर्व्हेअरला पाठवलं. स्कूटरवरून पन्नाशीच्या एक ठेंगण्या बाई उतरल्या. नऊवारी नाही, पाचवारीच, पण ती गुडघ्याच्या वर खोचून त्या तडक खड्ड्यात उतरल्या तेव्हा विलासला कळलं की हे प्रकरण वेगळं आहे.

"मी नीलिमा कित्तूरकर. मूळची बेळगावची, इथं येऊन पंचवीस वर्षं झाली. तुम्ही मराठी ना? सरी, बरं झालं, मग स्वल्प, थोडं आरामात बोलू."

"मॅडम, माझ्या यंत्रानं हे होऊच शकत नाही—"

"ते यंत्राला विचारू. तुम्ही आधी पाणी प्या." त्यांनी केबलीच्या भोकात करंगळीचं नख घातलं, बाहेर काढलं आणि चक्क हुंगलं. मग दुरुस्तीला आलेल्या टेलिफोनवाल्यांना म्हणाल्या, "अण्णा, हा तुकडा कापून टाकाल ना, तो फेकू नका. मला द्या."

त्यानंतर त्या बंगल्याकडे वळल्या. बंगला शेषगिरीरावांचा. शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले धारवाडचे गृहस्थ, मराठी घरच्यासारखं बोलणारे. त्यांची बाग म्हणजे गल्लीचं भूषण. पेरू, डाळिंब, गुलाब, आणि जवळजवळ प्रत्येक झाडाच्या फांदीला प्लॅस्टिकच्या पट्टीत बांधलेला शेवाळाचा मुटका.

"गुटी कलम," शेषगिरीराव अभिमानानं म्हणाले. एका पानाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. "हे अलाहाबादी पेरू. फांदीची साल सोलायची, ओलं शेवाळ बांधायचं. झाड स्वतःला सावरतं आणि तिथूनच मुळं फोडतं. माणसालाही असं जमलं असतं तर!"

त्यांनी पेल्याच्या काठाला बोट लावून फिल्टर कॉफी ओतली. विलासची मदतनीस पवित्रा दाराशी उभी होती. निपाणीची ही डिप्लोमा झालेली मुलगीच सकाळी यंत्राची धार चालवत होती. डोक्यावर अजून हेल्मेट तसंच होतं.

"ये तम्मा, तू पण घे," शेषगिरीराव तिला म्हणाले. "किती दमला आहेस!"

पवित्रानं विलासकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पेला घेतला.

"सर," विलासनं घाईघाईनं विचारलं, "या आधी कुणी त्या केबलीला हात लावला होता का? तुम्ही दिवसभर व्हरांड्यात असता."

"केबलीला? छे, छे! केबलीला कोण हात लावणार? माझा स्वतःचा फोन गेलाय हो. अमेरिकेतली मुलगी रविवारी फोन करते."

सुशांत जिन्यातच उभा होता, एक खांदा भिंतीला टेकवून. "मॅडम, माझं तर पूर्ण काम ठप्प आहे. आधीच माझा मॉडेम त्रास देत होता. लाइन लागते न लागते तोच डिसकनेक्ट! कालच नवीन मॉडेम आणला, तर आज लाइनच गेली."

"त्रास कधीपासून?"

"मी दसऱ्याला पुण्याला गेलो होतो ना, तिथून परत आल्यापासून. आई तर फोनवर म्हणाली, 'अरे, बोलतोयस की मागं भजी तळतोयस?' एवढी खरखर."

नीलिमाबाई हसल्या. विलासला मात्र हसू आलं नाही. मॉडेमच्या तक्रारी ऐकायला का या बाई आल्या आहेत, असं त्याला वाटून गेलं.

बाहेर ट्रकच्या सावलीत भीमसेन बसला होता. विजापूरकडचा हा धिप्पाड कंत्राटदार खोदाईची माणसं पुरवायचा. यंत्र यशस्वी झालं असतं तर सगळ्यात आधी त्याचंच काम जाणार होतं. सकाळी तो खड्ड्याच्या अगदी काठाला खेटून उभा होता, हे विलासला आता आठवलं.

"नीलिमाक्का," भीमसेन उठत म्हणाला, कारण बेंगळुरात नाव कळल्यावर बाईंची अक्का व्हायला वेळ लागत नाही, "मी चुगली करणारा माणूस नव्हे बघा. पण विचारलंत म्हणून सांगतो. हे साहेब म्हणत्यात की खड्डा नुसत्या पाण्यानं काढला. सगळे चहाला गेले तेव्हा ती पोरगी खड्ड्यात उतरली होती. आणि तिच्या हातात पहार होती."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी पीण्याच्या शेडमध्ये पवित्रा मान खाली घालून उभी होती. आजूबाजूच्या कारखान्यांतून लेथचा आवाज येत होता, आणि विलासला त्या क्षणी तोच बरा वाटत होता. निदान त्यात खोटं काही नव्हतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला.

"सर, तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणालात, 'लोखंड मातीला लागलंच नाही.' मग मी कुठल्या तोंडानं सांगू?" तिचे डोळे भरून आले. "केबलीवर विटा रचलेल्या होत्या. त्या हातानं उचलायच्या, असं आपलं ठरलेलं. एक वीट दोन दगडांच्या मध्ये अडकली होती. तेवढीच पहारेनं उचकटली. केबलीला टोक लागलं नाही, सर. आईशप्पथ नाही लागलं."

विलासनं तिच्याकडे पाठ फिरवली. तिच्यावर विश्वास ठेवावा असं त्याला मनापासून वाटत होतं. पण भोक पहारेचं वाटत होतं, पहार तिच्या हातात होती, आणि ती लपवलीही तिनंच होती. आता विश्वासरावांना काय तोंड दाखवायचं?

नीलिमाबाई एका उलट्या बादलीवर बसून केबलीचा कापलेला तुकडा निरखत होत्या. "विलासअण्णा, तुमचा ऐरावत जरा जागा करा. या तुकड्यावर धार मारा. काल मारली होती तेवढ्याच जोरानं."

पंप धडधडला. पवित्रानं नळी धरली. धार तुकड्यावर आदळली, तागावरचा मळ उडाला, आतलं शिसाचं कवच लख्ख दिसायला लागलं. भोक होतं तेवढंच राहिलं, आणि नवीन ओरखडासुद्धा उठला नाही.

"म्हणजे पाणी निर्दोष," बाई म्हणाल्या. "आता पहार." त्यांनी तुकडा विलासच्या नाकाशी धरला. "वास घ्या."

कुबट वास होता. जुन्या, भिजलेल्या पुस्तकाचा.

"या केबलीत तारांभोवती कागद असतो. हा कागद बघा, फुगून काळा पडलाय. आतवर बुरशी धरली आहे. काल सकाळी पडलेल्या भोकात काल दुपारपर्यंत बुरशी धरते का हो? मी काल नख घातलं तेव्हाच हा वास आला होता."

विलासला एकदम लख्ख उजेड पडल्यासारखं झालं. "मॉडेम!"

"हां. सुशांतच्या फोनवर आईला भजी तळल्याचा आवाज दसऱ्यापासून येतोय. पाणी हळूहळू आत मुरत होतं. ही जखम जुनी आहे, पवित्रा. तू डोळे पूस."

पवित्रानं डोळे पुसायच्या आधी विलासनंच चष्मा काढून आपले पुसले. मग तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "तू सांगितलंस तेव्हाच ऐकायला हवं होतं."

"सर, पण मग," पवित्रा नाक ओढत म्हणाली, "जखम आधीची असेल, तर केबलीवरच्या विटा नीट रचलेल्या कशा होत्या? खालची केबल फोडून वरच्या विटा कुणी परत लावल्या?"

नीलिमाबाई बादलीवरून उठल्या. त्यांनी ऐरावताच्या मागच्या बंद टाकीवर टकटक केलं.

"या पोटात काय आहे?"

४

"कालचा चिखल. अजून उपसला नाही," विलास म्हणाला.

"सगळा?"

उत्तर पवित्रानं दिलं. "नाही अक्का. विटांपर्यंत पोहोचलो तेव्हा टाकी भरली होती. ती तिथंच मोकळ्या प्लॉटवर रिकामी करून धुतली. मग विटा काढल्या. या टाकीत फक्त विटांच्या खालचं आहे."

"वा! देवानंच वाटणी करून दिली म्हणायची."

टाकीचं दार उघडलं. तांबडा चिखल शेडच्या फरशीवर पसरला. विलासच्या कारागिरांनी मच्छरदाणीचा एक तुकडा चौकटीवर ताणून चाळण केली आणि चौघंजण चिखल धुवायला बसले. सुरुवातीला सगळे हसत होते. तासाभरानं कुणी हसेना. वाळू, खडे, विटांचे तुकडे, पुन्हा वाळू.

पहिली वस्तू विलासलाच मिळाली. पांढरट हिरवी जाड साल, आतून गुलाबी लाल. त्यानं ती उलटसुलट पाहिली आणि निराश होऊन म्हणाला, "हा कोहळा आहे. आयुधपूजेला आम्ही ट्रकसमोर फोडला होता. आमचाच असणार."

"तुमची टाकी तर मधे धुतली होती. मग तुमचा कसा?" नीलिमाबाईंनी साल हातात घेतली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, बेंगळुरात प्रत्येक गाडीसमोर, प्रत्येक दुकानासमोर कुंकू भरलेला कोहळा फुटतो आणि पुढे आठवडाभर त्याची शकलं रस्त्याच्या कडेला पडून असतात. "गर सडायला लागलाय, पण कुंकू अजून लाल आहे. हा कोहळा विटांच्या खाली होता. त्या विटा केबल टाकतानाच, दहा-बारा वर्षांपूर्वी रचलेल्या. मग त्यांच्या खाली या दसऱ्याचा कोहळा कसा गेला?"

"कुणीतरी दसऱ्यानंतर खड्डा उकरला," विलास सावकाश म्हणाला. "केबल फोडली. रस्त्यावरच्या मातीनं खड्डा भरला, विटा जागेवर लावल्या. माती भरताना कोहळ्याचं शकल आत गेलं." तो ताडकन उठला. "आणि पहारी कुणाकडे असतात? खड्डा भरून वर काही कळू न देणं कुणाला जमतं? भीमसेनला! डेमो कुठं होणार ते त्याला माहीत होतं. केबल आधीच फोडून ठेवली, आमच्या माथी मारली, वर पवित्राकडे बोट दाखवलं!"

"बसा," नीलिमाबाई म्हणाल्या. "चाळणीत अजून काहीतरी आहे."

पवित्राच्या हातात एक ओला, तपकिरी हिरवा गोळा होता. गवत नव्हतं, मुळंही नव्हती. त्याच्याभोवती सुतळी गुंडाळलेली होती आणि सुतळीत अडकलेली एक फाटकी निळी प्लॅस्टिकची पट्टी. बाईंनी तो गोळा केबलीच्या तुकड्यावर ठेवून पाहिला. सुतळीचा वेढा केबलीच्या जाडीला बरोबर बसला.

"पट्टी होती ही," पवित्रा कुजबुजली. "जखमेवर कुणीतरी पट्टी बांधली होती. माझ्या धारेनं ती निघाली, सोंडेतून टाकीत आली, आणि भोकात भसकन पाणी शिरलं. म्हणून फोन काल एकदम मेले."

"मग तर झालंच! भीमसेननं—"

"विलासअण्णा, एक सांगा. ज्याला तुमचा घात करायचाय, तो केबल फोडल्यावर तिला मलमपट्टी करेल?"

विलास पुन्हा खाली बसला.

"आणि ज्याच्या हातून चुकून फुटली आणि लपवायची आहे, तो काय बांधेल? टेप बांधेल, रबर बांधेल, डांबर फासेल. पाणी आत जाऊ नये म्हणून." बाईंनी तो ओला गोळा पिळला. पाण्याचे थेंब फरशीवर पडले. "हे पाणी धरून ठेवणारं शेवाळ आहे. केबलीला याच्यापेक्षा वाईट औषध जगात नसेल. असं औषध कोण देईल?"

पवित्रानं वाकून तो गोळा पुन्हा पाहिला.

"आपण काय बांधतोय हेच ज्याला माहीत नव्हतं, तो," नीलिमाबाई म्हणाल्या. "उद्या शुक्रवार. विश्वासरावांना दुपारी गल्लीत बोलवा. भीमसेनलाही. मी काहीही विचारलं तरी तुम्ही मधे बोलायचं नाही. कबूल?"

५

शेषगिरीरावांच्या व्हरांड्यात सगळे जमले होते. विश्वासराव घड्याळाकडे बघत होते, भीमसेन पायरीवर बसला होता, सुशांत कठड्याला टेकून उभा होता. टेलिफोनवाले बाहेर अजून जोडणीचंच काम करत होते. शेषगिरीराव मात्र घरी कार्य असल्यासारखे खुशीत होते. त्यांनी सगळ्यांना कॉफी दिली, आणि हेल्मेट घातलेल्या पवित्राच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हा मुलगा फार गुणी आहे हो. त्याला रागावू नका."

"काका, ती मुलगी आहे," सुशांत म्हणाला.

"अय्यो! खरंच?" शेषगिरीराव तिच्या तोंडाजवळ वाकले आणि लहान मुलासारखे लाजले. "माफ कर गं बाळ. मोतीबिंदू पिकायची वाट बघतोय. डॉक्टर म्हणतात, अजून थांबा. सध्या मी हातांनीच बघतो."

नीलिमाबाईंनी कप खाली ठेवला. "राव, तुमची कलमं फार आवडली मला. दसऱ्यानंतर कोणकोणत्या झाडांना पट्टी बांधलीत?"

त्यांचा चेहरा उजळला. "पेरूच्या चार फांद्यांना. डाळिंबाच्या दोन. एका गुलाबाला. आणि हां, त्या शिरीषाच्या मुळाला."

"मुळाला?" विश्वासरावांनी विचारलं. "मुळाला कशाला?"

"जखम झाली होती बिचाऱ्याला. माझ्याच हातून." शेषगिरीराव आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही सरकारचे नाही ना? फुटपाथवर झाड लावायची परवानगी नसते म्हणून मी कुणाला बोललो नाही. सोनचाफ्याचं रोप होतं. गेटसमोर लावावं म्हणून पहारेनं खड्डा केला. रोज पहाटे फिरायला जायच्या आधी थोडाथोडा. खाली कुणाच्या तरी जुन्या विटा लागल्या, त्या बाजूला काढल्या. पहार जरा खोल गेली आणि खच्चकन मुळात रुतली. हात लावून पाहिलं तर चांगलं मनगटाएवढं मूळ! खडबडीत साल, चिकट. एवढ्या मोठ्या झाडाचं मूळ तोडायचं म्हणजे पाप. शेवाळ बांधलं, माती लोटली, विटा होत्या तशा लावल्या आणि चाफा कंपाउंडच्या आत नेला. आता बरं असेल ना ते मूळ?"

बाहेर टेलिफोनवाल्याची पक्कड वाजत होती.

सुशांतनं घसा साफ केला. "काका... ते मूळ नव्हतं."

"मूळ नव्हतं? मग काय होतं?"

"माझा मॉडेम होता, काका."

सगळ्यात आधी भीमसेन फुटला. पोट धरून, पायरीवर थापा मारत तो हसायला लागला. मग पवित्रा हसली. मग विलास, आणि शेवटी विश्वासरावसुद्धा. फक्त शेषगिरीराव हसत नव्हते. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

"म्हणजे गल्लीचे सगळे फोन मी घालवले," ते म्हणाले. "आणि दोन दिवस या पोरीला दोष लागत होता. आणि मी तिला कॉफी पाजत बसलो होतो." ते उठले, चाचपडत विश्वासरावांसमोर गेले आणि हात जोडले. "साहेब, यांच्या यंत्राचा काही अपराध नाही. ज्या कुणाला लिहून द्यायचं असेल त्याला मी लिहून देतो. दंड असेल तोही माझा."

विलासच्या मनात आलं, परवा आपण यांना अगदी स्पष्ट विचारलं होतं. केबलीला कुणी हात लावला का? त्यांनी खरंच उत्तर दिलं होतं. त्यांनी मुळाला हात लावला होता.

"आधी बसा हो तुम्ही," विश्वासराव त्यांचे हात खाली घेत म्हणाले. मग ते नीलिमाबाईंकडे वळले. "पण मॅडम, तुम्ही यांच्यावर आलात कशा? बागकाम तर बेंगळुरात अर्धं शहर करतं."

"शेवाळ बघून माळी कळला. पण डोळस माळी केबलीला मूळ म्हणत नाही. तागाचं वेष्टण हाताला सालीसारखं लागतं, डोळ्यांना नाही. यांनी पेल्याच्या काठाला बोट लावून कॉफी ओतली, पान बोटानं ओळखलं, मुलीला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हटलं. आणि खरं सांगू? झाडाचं मूळ दुखावलं म्हणून त्याला पट्टी बांधणारं माणूस या गल्लीत मला दुसरं कुणी दिसलं नाही."

विश्वासरावांनी खड्ड्याकडे नजर टाकली. "सातपुते," ते म्हणाले, "मशीन चांगलं आहे हे परवाच कळलं होतं. पण मीटिंगमध्ये मला एकच प्रश्न विचारतील. खोदणाऱ्या माणसांचं काय? कंत्राटदार विरोधात गेले तर एक खड्डा पुरा होणार नाही."

सगळ्यांच्या नजरा भीमसेनकडे गेल्या.

भीमसेन हसायचा थांबला होता. खांद्यावरच्या पंच्यानं त्यानं तोंड पुसलं.

"मी विरोधात? साहेब, मी परवा काठाला चिकटून का उभा होतो, ते कुणी विचारलंच नाही." तो विलासकडे बघत म्हणाला, "मागच्या साली माझ्या मेहुण्याची पहार विजेच्या केबलीवर पडली. देवाप्पा नाव त्याचं. वाचला, पण उजवा हात गेला. त्याला बघायला गेलं की तो डाव्या हातानं पानाला चुना लावतो, आणि मी भिंतीकडे बघत बसतो. त्या दिवसापासून माझी माणसं पहार खाली मारताना डोळे मिटून घेत्यात. मी पाहिलंय. डोळे मिटून खणत्यात ती." त्यानं पंचा पुन्हा खांद्यावर टाकला. "ती पोरगी पहार घेऊन खड्ड्यात उतरली तेव्हा माझ्या जिवाचं पाणी झालं होतं. खाली विजेची लाइन होती की! म्हणून मी अक्कांना सांगितलं. चुगली नव्हती ती."

पवित्रानं हेल्मेट काढलं. "अण्णा, मला वाटलं तुम्हाला आमचं यंत्र नको आहे."

"मला ते दुसऱ्याच्या हातात नको आहे," भीमसेन म्हणाला. "माझ्या माणसांना शिकवशील?"

६

सोमवारी पीण्याच्या शेडमागच्या मोकळ्या जागेत भीमसेनची माणसं रांगेनं उभी होती. विश्वासरावांचा मुंबईहून होकाराचा फोन येऊन गेला होता. गल्लीतले फोन शनिवारीच सुरू झाले होते आणि रविवारी शेषगिरीरावांच्या मुलीनं त्यांना अमेरिकेहून अर्धा तास झापलं होतं. शेवटी डोळ्यांचा डॉक्टर बदलायचं ठरलं. नीलिमाबाई आपला अहवाल पुरा करायला आल्या होत्या, पण अहवाल पिशवीतच ठेवून बादलीवर बसल्या होत्या.

पवित्रा शिकवत होती. धार सरळ खाली धरायची, एका जागी थांबवायची नाही, सोंड नेहमी धारेच्या मागे. भीमसेननं आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग कुणाला पुढे न पाठवता स्वतःच नळी हातात घेतली.

"सोपं आहे की," तो म्हणाला आणि खटका दाबला.

नळी त्याच्या हातात नागासारखी उसळली. पाण्याची धार आधी आभाळात गेली, मग शेडच्या पत्र्यावर आदळली, आणि मग विलास सातपुते डोक्यापासून बुटांपर्यंत न्हाऊन निघाला. "सोडू नको अण्णा, खाली धर, खाली!" पवित्रा ओरडली. भीमसेननं दोन्ही पाय रोवले, दात आवळले आणि धार जमिनीकडे वळवली.

माती विरघळायला लागली. सोंड ती घटाघटा पिऊ लागली. सरावासाठी पवित्रानं खाली पुरलेला जुना पाइप हळूहळू वर दिसू लागला. आधी एक रेघ, मग पाठ, मग अख्खा, स्वच्छ, जसाच्या तसा.

रांगेतली माणसं पुढे सरकली. विलास चष्म्यावरचं पाणी निथळवत त्यांच्याकडे बघत होता. सगळे खड्ड्यात वाकून पाहत होते, आणि सगळ्यांचे डोळे सताड उघडे होते.

"आता कुणाची पाळी?" पवित्रानं विचारलं.

एकदम सगळेच हात वर झाले.